ण बानाचा

आमच्या चामोर्शी तालुक्यात एकेकाळी मुलाचं नाव ठेवायला पंचांग लागत नसे. आज वार कोणता, एवढं ठाऊक असलं की भागायचं. मंगळवारचा तो मंगरू, बुधवारचा बुधराम, शुक्रवारचा सुकरू आणि रविवारची इतवारी. आधीची मुलं जगली नसली तर नवं मूल शेजारणीच्या ओटीत टाकायचं, कवडी मोजून परत विकत घ्यायचं आणि त्याला कवडू म्हणायचं. यमाला चकवा आणि बाळाला नाव, दोन्ही कामं एका कवडीत. या नावांचा मोठा गुण असा, की ती चुकीची उच्चारायची सोयच नव्हती. मंगरूला मंगऱ्या म्हणा, मंगरूजी म्हणा, नाहीतर नुसतं 'का गा' म्हणा, तो वळून बघायचा. त्याला त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारायला जन्मात कुणी आलं नाही.

हे आठवायचं कारण, गेल्या पावसाळ्यात मी आबाजी झालो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई पुण्याचे, आणि नात झाली मूलला. मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी आनंदानं पुण्याला फोन लावला आणि म्हणालो, "मूलला मूल झालं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग व्याही काळजीच्या सुरात म्हणाले, "बरं, पण आपल्या सूनबाईंना काय झालं?"

नावांचा घोळ तिथूनच सुरू झाला असं मी धरतो.

गुरुजींनी पंचांग उघडलं. नक्षत्र निघालं हस्त. हस्ताची चरणाक्षरं चार: पू, ष, ण, ठ. नात बारा तास आधी जन्मली असती तर पूजा, पूर्वा, पूर्णिमा अशी रांग लागली असती. ती जन्मली तिसऱ्या चरणावर. म्हणजे ण.

ण-नं सुरू होणारं नाव मराठीत नाही. जैनांचा णमोकार मंत्र सोडला तर ण-नं सुरू होणारं काही मला तरी आठवेना. पहिलीच्या पुस्तकातसुद्धा कमळाचा क, गवताचा ग असं रीतसर चालू असतं आणि मध्येच 'ण बाणाचा' येतो. त्या अक्षराला स्वतःच्या मालकीचा एक शब्द मिळू नये, बाणाच्या शेपटीला लटकून पोट भरावं लागावं! त्याचा एकच सोबती ळ, तोही बाळाच्या मागं चिकटून असतो.

बरं, पुण्यात निदान ण आहे. आमच्या झाडीपट्टीत तो वर्णच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातली झाडीबोली. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलं. तिच्यात ण चा न होतो, ळ चा र होतो, श आणि ष दोघं स मध्ये राहायला येतात आणि छ सुद्धा जागा मिळाली तर तिथंच घुसतो. पाणी ते पानी, डोळा तो डोरा, शेत ते सेत, छत्री ती सत्री. आमच्याकडचा पोरगा शाळेत पाटीवर मोठ्या कष्टानं ण काढतो, वळणाला मान वाकडी करून, आणि खणखणीत आवाजात वाचतो, "न बानाचा." नळाचा न त्यानं आधीच 'न नराचा' म्हणून उरकलेला असतो. तेव्हा गुरुजींनी दिलेल्या चार अक्षरांपैकी ष आणि ण ही दोन आमच्या बोलीत अस्तित्वातच नव्हती. पू नातीच्या वाट्याला नव्हता. राहिला ठ, तोही पुढच्या चरणाचा. ठमाबाई, ठकूबाई एवढी दोन नावं ऐकून लेक रडायला लागली.

आमची आई, म्हणजे बाळाची पणजी, या सगळ्या काळात गावभर सांगत फिरत होती, "आमच्या घरी बार आलं." बोलीच्या नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं. फक्त आमच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे, आणि काही मंडळी चौकशीला येऊन हिरमुसून परत गेली.

शेवटी गुरुजींनी वाट काढली. अक्षर पहिलंच पाहिजे असं काही नाही, नावात कुठंतरी ण आला की ग्रह समाधानी राहतात. ग्रह इतक्यावर समाधानी होत असतील तर आपण कोण? जावईबापूंनी फोनमधून यादी काढली: वीणा, प्रणाली, प्रेरणा, मृण्मयी, मृणाल. खाली लेकीनं स्वतःच्या हट्टाचं एक नाव जोडलं, ज्ञानदा. त्यात ण नव्हता, पण ती म्हणाली, ज्ञ काय कमी अवघड आहे?

जावईबापूंची अट मात्र एकच. "बाबा, नाव असं हवं की कुणाला चुकीचं म्हणताच येऊ नये."

मला हसू आवरेना. हा माणूस आमच्याकडे आला कसा ते ऐका. तिकीट काढलं बल्हारशाहचं, उतरला तर गावाचं नाव बल्लारपूर. तिथून चंद्रपुरात आला, तर शहराला दोन रेल्वे स्थानकं, एक चंद्रपूर आणि दुसरं चांदा फोर्ट, कारण शहराचं नाव बदललं तरी त्या पाटीला ते कुणी कळवलं नाही. आमच्या म्हाताऱ्यांनाही नाही, ते अजून 'चांद्याला' जातात. तिकडे वर नाटकांसाठी प्रसिद्ध वडसा आहे. स्टेशन वडसा, तालुका देसाईगंज, गाव एकच. आलापल्लीला निम्मे लोक अल्लापल्ली म्हणतात. जिल्ह्याचं नाव गडचिरोली, पण हिंदी वाहिन्यांवर आम्ही 'गढचिरौली'त राहतो. चकमकीची बातमी आली की आधी काळीज धडधडतं, मग लक्षात येतं, अरे, हे आपल्याचबद्दल बोलतायत. 1982 साली चंद्रपूरमधून जिल्हा वेगळा झाला तेव्हा नकाशावर रेघ नीट मारली, उच्चाराचं राहून गेलं.

नदीचीही तीच कथा. आमची वैनगंगा किपलिंगच्या जंगल बुकात 'वैनगुंगा' होऊन वाहते. आमच्या तालुक्यातल्या मार्कंड्याला ती एकदम उत्तरेकडे वळते, म्हणून इथं तीर्थ. पुढं वर्धेला भेटली की नाव बदलून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत गेली की तेही नाव सोडते. जिथं नदीला एक नाव शेवटपर्यंत टिकवता आलं नाही, तिथं जावईबापू माझ्या नातीच्या नावाचा उच्चार गोठवायला निघाले होते.

तरी म्हटलं, परीक्षा घेऊ. आमच्या छपरीला आई सपरी म्हणते. त्या सपरीत संध्याकाळी परीक्षक आपोआप जमतात. एक आई स्वतः. दुसऱ्या शेजारच्या काकू, मूळच्या सिरोंच्याच्या, घरात तेलुगू. तिसरे दवाखान्यातले कंपाउंडरदादा, ज्यांचे आईवडील 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आले आणि आमच्याच भागात वसले. चौथा धमतरीकडचा मिस्त्री, जो मागच्या खोलीचा गिलावा करत होता आणि चहाच्या वेळेला हमखास मत द्यायला हजर असे. भाषावार प्रांतरचना करणाऱ्यांनी आमची सपरी पाहिली असती तर त्यांनी राजीनामे दिले असते.

पहिलं नाव वीणा. आई म्हणाली, "वीना." ठीक. कंपाउंडरदादा म्हणाले, "बीना." बंगालीत व चा ब होतो, विवेकाचा बिबेक होतो, तर वीणेचं काय घेऊन बसलात. मिस्त्रीही म्हणाला, "बीना." जावईबापूंचा चेहरा उतरला. "बिना? बिना म्हणजे 'शिवाय'! मुलगी आयुष्यभर कशाच्या तरी शिवाय?" वीणा बाद.

मग ज्ञानदा. या नावानं खरी बहार आणली. ज्ञ या अक्षराबद्दल भारतात एकमत नाही आणि होणारही नाही. आपण म्हणतो द्न्य. मिस्त्री म्हणाला ग्यानदा. काकू म्हणाल्या ग्नानदा, आणि तेही असं झोकात की ऐकत राहावं. कंपाउंडरदादा जागच्या जागी उजळले. "गॅनोदा! हमारे रवींद्रनाथ की भाभी!" आणि खरंच, सत्येंद्रनाथ टागोर, आयसीएसमधले पहिले भारतीय, मुंबई इलाख्यात नोकरीला होते, आणि त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इकडे राहून साडी नेसायची नवी तऱ्हा बंगालात घेऊन गेली. एवढा मोठा दाखला मिळाल्यावर लेक खूश. पण दादांनी पुढं आणखी एक माहिती दिली. बंगालीत नावाच्या शेवटी दा लावला की ते मोठ्या भावाला म्हटल्यासारखं होतं. म्हणजे मुलगी अंगणात खेळत असेल आणि कुणी हाक मारली, तर ऐकणारा कुठला ग्यानदादा येतोय म्हणून वाट बघत बसायचा.

इंग्रजीचा प्रश्न वेगळाच. ज्ञानेश्वरांचं स्पेलिंग मराठी माणूस डी-पासून करतो, विद्वान जे-पासून करतात आणि उत्तरेकडचे जी-पासून. माऊलींना फरक पडत नाही. पण शाळेत हजेरी इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागली तर या मुलीचा नंबर चौथा, सातवा की दहावा हे लिहिणाऱ्याच्या प्रांतावर ठरणार. ज्ञानदाही गेली. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू बंगाली व्याकरण मी केलं होतं.

प्रणाली आणि प्रेरणा आईनं मोडीत काढली. आईचं म्हणणं, जोडाक्षरानं सुरू होणारं नाव शेतातून हाक मारायला बरं नाही. बांधावरून ओरडून बघा, मग कळेल. 'परनाली', 'पेरना' अशी तिनं प्रात्यक्षिकं करून दाखवली. 'पेरना' ऐकून मिस्त्री म्हणाला, हमारे यहाँ भी धान अभी बोना है.

इथं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या सगळ्या चाचणीत शुद्ध ण कुणाचा निघाला? जावईबापूंचा चांगला होता, नाही असं नाही. पण काकूंचा ण! टाळूला जीभ लावून उचललेला, ठणठणीत, आणि ळ तर असा की पुण्याच्या सदाशिव पेठेनं येऊन शिकवणी लावावी. तेलुगूत हे दोन्ही वर्ण नांदते आहेत. जावईबापू थोडे हिरमुसले. शुद्ध मराठी उच्चार सिरोंच्याहून आणावा लागेल अशी त्यांची कल्पना नव्हती. काकूंची एकच खोड: त इंग्रजीत लिहिताना टी-एच. कविता म्हणजे कविथा, गीता म्हणजे गीथा. त्यांच्याकडे तो नियमच आहे. कोणी पुणेकर तो वाचतो आणि 'गीथा' म्हणून हाक मारतो, तेव्हा काकूंच्या मते चुकीचा तोच असतो. आणि काकूंचं चूक आहे असं मला तरी सिद्ध करता आलेलं नाही.

राहिलं मृणाल.

हे नाव कुणालाच धड म्हणता येईना, आणि म्हणूनच बहुधा ते सगळ्यांना चाललं. आई म्हणाली, "मुरनाल. चालते." काकू म्हणाल्या, "मृणालम्मा." मिस्त्रीनं "मिरनाल" म्हटलं आणि गिलाव्याला गेला. कंपाउंडरदादा मात्र गोंधळले. "म्रिनाल? लेकिन बच्ची हुआ ना?" त्यांच्याकडे मृणाल हे पुरुषाचं नाव. मृणाल सेन, सिनेमाचे दिग्दर्शक, हे त्यांच्या डोळ्यांपुढं उभे राहिले, चष्म्यासकट. आमच्या डोळ्यांपुढं मृणाल गोरे, लाटणं घेऊन मोर्चाच्या पुढं. पाण्यासाठी इतक्या भांडल्या की अख्खी मुंबई त्यांना 'पानीवाली बाई' म्हणायची. लक्षात घ्या, पानीवाली. ण चा न करायला मुंबईलासुद्धा झाडीपट्टीच्या परवानगीची गरज पडली नाही. आईला हा दाखला फार आवडला. "पाहा," ती जावयाला म्हणाली, "मुंबईवाले बी आमच्यासारखेच बोल्तेत."

मला या नावात आणखी एक गोष्ट आवडली. ज्या मार्कंड्याच्या सावलीत आम्ही राहतो त्या गावाशी त्याचं नातं लागतं. मृणालमधला मृ हाच मृकंडूमधला मृ. मृकंडू ऋषी आणि मरुद्वती यांना मूल नव्हतं. तप केलं, शंकर प्रसन्न झाला आणि त्यानं निवड पुढं ठेवली: गुणी पण सोळाच वर्षांचा मुलगा हवा, की दीर्घायुषी पण मंदबुद्धी? आजकालच्या पालकांना निदान शाळाच निवडायची असते. त्यांनी गुणी निवडला. पण एवढी मोठी निवड केल्यावर नाव निवडायला त्यांच्या अंगात त्राण उरलं नसावं. मार्कंडेय म्हणजे मृकंडूचा मुलगा, एवढंच. तो पोरगा शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतवतो, चिरंजीव होतो, त्याच्या नावाचं अख्खं पुराण होतं, सप्तशती त्याच पुराणात येते, आणि नाव विचारलं तर सांगतो बापाचं. महाराष्ट्र सरकारनं 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लावायचा नियम केला आहे. तो तेव्हा असता तर बिचाऱ्या मरुद्वतीचंही नाव कागदावर आलं असतं.

आणि मार्कंडेय हे नाव तरी लोकांनी जागेवर कुठं ठेवलं? आमच्याकडे मार्कंडा, कागदावर मार्कंडादेव, आईच्या तोंडी मारकंडा. नाशिककडे सप्तशृंगगडासमोर मार्कंड्या किल्ला आहे. बेळगावकडे मार्कंडेय नदी आहे. हरियाणातसुद्धा मारकंडा नावाची नदी वाहते. सोलापूरचा पद्मशाली समाज त्याला आपला मूळपुरुष मानतो, नारळी पौर्णिमेला त्याचा रथ निघतो, आणि तेलुगूत तो मार्कंडेयुलु होतो. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम आमच्या मार्कंड्याची देवळं पाहून, मापं घेऊन गेले. कनिंगहॅम हे नाव गावकऱ्यांनी कसं उच्चारलं असेल याची मी कधीकधी कल्पना करतो आणि माझं मन हलकं होतं.

सोळाव्या वर्षी यमदूत आले तेव्हा त्यांनी हाक कोणत्या नावानं मारली, हे पुराणात सांगितलेलं नाही. मार्कंडा, मार्कंड्या, मारकंडा, मार्कंडेयुलु, यांतला नेमका कोणता उचलायचा, याच घोळात वेळ टळून गेली असावी अशी माझी खाजगी समजूत आहे. शिवभक्तांनी राग धरू नये. कवडू नावामागचा हिशेब तरी दुसरा कोणता होता?

असो. जावईबापूंना ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे स्पेलिंग यू की आय?"

हा आजच्या काळातला खरा यमदूत. मृ मधला ऋ. मराठी माणूस त्याला रु म्हणतो, तेलुगूही रु म्हणतो, हिंदी आणि बंगाली रि म्हणतात. मूळ संस्कृतात तो दोन्ही नव्हता असं जाणकार सांगतात, म्हणजे सगळेच चुकतात, फक्त प्रांतवार चुकतात. देवनागरीत भांडण नाही. मृ लिहिला की ज्यानं त्यानं आपापल्या घरी नेऊन वाचावा. भांडण सुरू होतं इंग्रजीत. अमृता प्रीतम आय, अमृता खानविलकर यू. मृणाल सेन आय, मृणाल गोरेसुद्धा आय, मृणाल ठाकूर यू. म्हणजे मराठी असून आय चालतो आणि यूही चालतो, आणि दोन्ही पक्षांकडे वजनदार माणसं आहेत. जावईबापू यूचे. त्यांचं म्हणणं, मराठी मुलगी, मराठी उच्चार. लेक आयची. तिचं म्हणणं, पुढं पोरगी परदेशात गेली तर तिकडचे लोक यूचा काय उच्चार करतील सांगता येत नाही. ते आयचाही काय करतील ते सांगता येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिकडे 2020 साली कमला हॅरिस यांचं नाव एका सिनेटरनं भर सभेत वेडंवाकडं म्हणून दाखवलं होतं. कमला! ज्यात ण नाही, ळ नाही, ज्ञ नाही, ऋ नाही. आमच्या झाडीपट्टीतल्या पहिलीच्या पोरालाही जे साधेल ते तिकडे जमलं नाही. तेव्हा परदेशातल्या माणसाच्या सोयीसाठी नाव बेतायचं, या धंद्यात मला काही तथ्य दिसत नाही. आमचे काही नातलग तिकडे आहेत. त्यांनी रिया, माया, नील अशी दोन अक्षरांत आटपणारी नावं ठेवली. मुलं सुखी आहेत. फक्त त्या शाळेत रिया इतक्या आहेत की शेवटी त्यांना आडनावानं हाक मारतात, आणि आडनाव आमच्याकडचं. म्हणजे सुटका नाहीच.

बारसं झालं. आत्या पुण्याहून आल्या. त्यांनी बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं ते अगदी पुणेरी, ण सकट. पाठीत धपाटे बसले ते झाडीपट्टीचे. त्या अजून पुण्यात पाठ चोळत आमची आठवण काढतात असं कळतं. कंपाउंडरदादांनी त्यांच्याकडची युक्ती सांगितली. बंगाल्याला नावं दोन: एक भालोनाम, शाळा आणि कागदांसाठी, दुसरं डाकनाम, घरी हाक मारायला, ज्याला अर्थ असायची सक्ती नाही. त्यांनी लगेच नातीला खुकू करून टाकलं. काकूंची ती मृणालम्मा. आई तिला छकुली म्हणते, म्हणजे 'सकुली' म्हणते. मिस्त्रीची खोली पूर्ण झाली, तो जाताना 'मिरनाल बिटिया'च्या हातावर पन्नास रुपये ठेवून गेला. पोरगी या सगळ्या हाकांना मान वळवते. फक्त बाप व्हिडिओ कॉलवर शुद्ध ण लावून हाक मारतो तेव्हा ती पंख्याकडे बघते.

कागद मात्र कोरा आहे. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं, म्हणजे मूलला, एकवीस दिवसांत केली. नावाचा रकाना रिकामा ठेवला. 1969च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात ही मोठी सोय आहे: बाळाची नोंद नावाशिवाय होते आणि नाव मागाहून घालता येतं. पण 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट, सगळीकडे जन्माचा हाच एक दाखला लागणार आहे. तिथं आय पडला तर जन्मभर आय, यू पडला तर जन्मभर यू. म्हणून घरात अजून मतदान चालू आहे. जावई यू, लेक आय, व्याही यू, विहीणबाई कोणत्या बाजूला आहेत ते कुणी विचारलेलं नाही. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून तिनं दोन्ही बाजूंना आश्वासन देऊन ठेवलं आहे. माझं मत यूला. कारण काही खास नाही, जावई दुखवू नये एवढंच.

नाव घालायला पहिले बारा महिने काही शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत आहे. मार्कंडेयाकडे यम सोळाव्या वर्षी आला होता, सरकार एक वर्ष आधी येतं. महाशिवरात्रीच्या यात्रेला मार्कंड्याला याल तेव्हा आमच्या सपरीत जरूर या, नातीला ज्या नावानं जीभ वळेल त्या नावानं हाक मारा, आणि आय की यू याबद्दल काही पक्कं मत असेल तर ते फुकटच्या मुदतीत कळवा.